पाऊस वाढला तर

सोपान आला तेव्हा मी भाकरी थापत होते. दारातला उजेड अडला म्हणून मान वर केली, तर उंबऱ्यावर तो उभा. डोक्यावरच्या घोंगडीतून पाणी गळतंय आणि तोंडभर हसू.

"आक्का, आवरून ठेव. उद्या सकाळी निघायचं," तो म्हणाला.

पंचमी परवावर आली होती. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि एकही पंचमी माझी माहेराशिवाय गेली नव्हती. वडील होते तोवर ते न्यायला यायचे. ते गेल्यावर सोपान येऊ लागला. पहिल्या वर्षी आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं आणि तो माझ्या सासऱ्यांसमोर बसताना मोठ्या माणसासारखी मांडी घालून बसला होता. आता एकविशीत होता. दिवाळीनंतर त्याचं लग्न करायचं, असं आमच्या आईनं, म्हणजे बयानं, ठरवून ठेवलं होतं. मुलगी पाहिली होती. मी त्यावरून त्याला चिडवायला लागले की तो कान धरून दुसरीकडे बघायचा.

माझं माहेर उंबरमाळ, घाटमाथ्यावर. सासर तळकोंड, त्याच डोंगराच्या पायथ्याला, कोकणाच्या अंगाला. एसटीनं जायचं तर मोठा वळसा, दोन गाड्या बदलायच्या, अख्खा दिवस जायचा. पण डोंगरातून पायवाट होती. सकाळी न्याहारी करून निघालं की दुपारच्या जेवणाला माणूस वर. दोन्ही गावांत सोयरिकी होत्या त्या या वाटेमुळेच.

त्या वर्षी मात्र मला जाता येण्यासारखं नव्हतं. आठच दिवसांपूर्वी सासूबाई शेताच्या बांधावरून घसरल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात मोडला होता. हाडवैद्यानं बांबूच्या काड्या लावून तो गळ्यात अडकवून दिला होता. माझे यजमान, शांताराम, पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे. श्रावण लागला की त्यांना घरी यायला फुरसत नसायची. म्हणजे घरात करणारी मी एकटी. हे मी सोपानला सांगितलं. तो सासूबाईंच्या हाताकडे बघत राहिला. हट्ट करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. एवढंच म्हणाला, की बया वाट बघत बसेल.

मग आमची मंदा पुढे आली. सात वर्षांची होती. ती म्हणाली, "आई नाही तर मी जाते. मामा, मला ने."

सोपाननं लगेच तिला उचलून घेतलं. या वर्षी झोक्याचा दोर आपण स्वतः वळलाय, जुना काढून टाकला, दोघी बसल्या तरी तुटायचा नाही, असं तो तिला सांगू लागला. ती त्याच्या कमरेवर बसूनच मला विचारत होती, कुठला परकर घेऊ. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे पोरीला, तिची आजीही तिला डोळे भरून बघेल. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. पोर त्यांच्या अंथरुणात झोपायची, त्यांच्या ताटातलं खायची. तिला चार दिवस दुसरीकडे पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी म्हणाले, सोपान सोबत आहे म्हणजे काळजी नाही.

हे ते मनापासून म्हणाले. आबांना शांतारामांशिवाय दुसरा मुलगा नव्हता आणि सोपानला वडील नव्हते. तो आला की आधी आबांच्या पाया पडायचा. त्यांनी विचारल्याशिवाय बोलायचा नाही. एकदा आबा सहज म्हणाले होते, की तंबाखू वाईट, तर त्यानं घरी जाताना चंची आमच्या ओढ्यात टाकून दिली होती. बयाला तो हे हसत सांगत होता.

सकाळी लख्ख उघडलं होतं. इतकं, की डोंगराच्या कड्यावरची झाडं मोजून घ्यावीत. मी मंदाला न्हाऊ घातलं, वेणी घातली, हिरवा परकर नेसवला. बयासाठी आमसुलं आणि दोन नारळ बांधून दिले. वाटेत खायला लाह्या दिल्या. आबा त्यांना पोचवायला आमच्या शेवटच्या शेताच्या बांधापर्यंत गेले. मी दारातच थांबले, कारण चुलीवर दूध होतं. मंदानं एकदा वळून हात केला. मग मामाचा हात धरून उड्या मारत गेली आणि पुन्हा वळली नाही.

दुपार व्हायच्या आत आभाळ भरून आलं. पाऊस असा कोसळायला लागला, की समोरची गोठ्याची भिंत दिसेना. डोंगर तर नाहीसाच झाला. आबा ओटीवर येऊन बसले. मी आतून चार वेळा बाहेर येऊन गेले. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, की थांबले असतील कुठंतरी, पोरगा समजूतदार आहे. मलाही तसंच वाटत होतं. पाऊस तासाभरात ओसरला. ओसरल्यावर मला हलकं वाटलं. आता निघाले असतील, दिवेलागणीच्या आत बयाच्या दारात असतील, असा मी हिशेब केला.

दिवस कलता कलता धाकू झोरे आमच्या अंगणात आला. तो डोंगरात म्हशी राखायचा. त्याच्या खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तो बोलायच्या आतच मला त्यातून हिरवा परकर दिसला.

मंदा जिवंत होती. गुडघे सोललेले, केसांत वाळू, ओठ निळे. मी हाक मारली तर तिनं माझ्याकडे बघितलं, पण ओळख दाखवली नाही. मी तिला चुलीपाशी नेलं. बाहेर धाकू आबांना सांगत होता, ते मला ऐकू येत होतं. डोंगरात अर्ध्या वाटेवर, जिथं वरून येणारं पाणी वाट आडवी कापून खाली जातं, तिथं पलीकडच्या खडकावर ही एकटी बसलेली सापडली होती. पाण्याला अजून ओढ होती. सोबत कुणी नव्हतं. त्यानं हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही.

गावातली माणसं कंदील घेऊन गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. सकाळी पुन्हा गेली. सोपान आमच्याच शिवाराच्या वरच्या अंगाला सापडला, उन्मळून आलेल्या एका उंबराच्या मुळ्यांत. आमसुलांचं गाठोडं अजून त्याच्या कमरेला बांधलेलं होतं.

वर उंबरमाळला निरोप गेला. शांताराम पेणहून आले, त्यांच्या नखांत अजून सोनेरी रंग होता. आणि मग डोंगराच्या सोंडेवरून बया उतरली. चार माणसं बरोबर होती, पण ती कुणाचा हात न धरता सगळ्यांच्या पुढे चालत आली. तिनं पाय धुतले नाहीत. सोपानला ओटीवर ठेवलं होतं. त्याच्या तोंडावरचं फडकं बाजूला करून ती बराच वेळ बघत राहिली. मग त्याच्या कपाळावर सुकलेला चिखल तिनं पदरानं पुसला आणि उठून आबांसमोर उभी राहिली.

"बांधापर्यंत तुम्ही होता," ती म्हणाली. "दोन्ही गावांत पावसाचं तुम्हाला कळतं म्हणतात. पोराला काही सांगितलं न्हाईत?"

"बजावलं होतं," आबा म्हणाले. "बजावून सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही."

"माझा सोपान थोरल्यांचं ऐकला न्हाई, असं कधी झालं न्हाई."

"मी खोटं बोलतोय का?"

"ते तुमचं तुम्हाला ठावं," बया म्हणाली.

त्यानंतर ती आमच्या घरात कुणाशीही बोलली नाही. सोपानला त्यांनी वर नेलं. मी निघाले तेव्हा तिनं मला हातानंच थांबवलं. मंदाकडे बोट दाखवलं, की तिच्यापाशी राहा. तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी काहीच नव्हतं. मी तळकोंडची होते, त्या माणसाच्या घरातली.

तिथून पुढचे दिवस मला सांगता येणार नाहीत, कारण ते सगळे एकसारखे होते. मंदा बोलत नव्हती. खायला दिलं तर खायची, निजवलं तर निजायची. तालुक्याच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, भ्यालीय, आपोआप बोलेल, जोर करू नका. शांताराम थोडे दिवस राहून कामावर परत गेले. गणपती तोंडावर आले होते आणि कारखानदार थांबणार नव्हता.

गावात मात्र सगळे बोलत होते. आणि सगळ्यांचं बोलणं फिरून एकाच ठिकाणी यायचं. पाण्याच्या त्या वाटेच्या अलीकडेच, हाकेच्या अंतरावर, कड्याच्या पोटात एक मोठी कपार होती. दहा माणसं बसतील एवढी. कितीही पाऊस पडो, आत थेंब यायचा नाही. गुराखी तिथं चूल मांडायचे. त्या दिवशीही कपारीत लाह्या सांडलेल्या धाकूनं बघितल्या होत्या. म्हणजे सोपान तिथं थांबला होता. कोरड्या जागेत लेकरू घेऊन बसला होता आणि ऐन पावसात तिथून उठून पाण्याच्या तोंडात गेला. का? लोक म्हणायचे, अंगात मस्ती. वरच्या लोकांना वाटतं, डोंगर आपलाच. तरण्या पोराला कोण सांगणार. स्वतः मेला आणि पोरीलाही घेऊन मरत होता.

हे मला ऐकू यायचं. विहिरीवर मी पोचले की बायका गप्प व्हायच्या.

आणि आबा. जो कुणी दारात येईल त्याला ते सांगायचे, की मी बजावलं होतं. त्याच शब्दांत, त्याच आवाजात. कुणी विचारलं नसलं तरी. त्यांना ते सांगितल्यावाचून राहवत नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला ते ऐकवत नव्हतं. माझा भाऊ गेला होता आणि हा माणूस रोज त्याला माझ्या देखत अडाणी ठरवत होता. मी ताट त्यांच्यापुढे ठेवून वळायचे. वाढायला थांबायचे नाही. पाणी मागितलं तर सासूबाई डाव्या हातानं द्यायच्या. पण रात्रंदिवस माझ्याही डोक्यात तेच होतं. का उठलास रे? कोरडी जागा होती, पोर मांडीवर होती, का उठलास?

भाद्रपद सरत आला होता. एका दुपारी मी ओटीवर तांदूळ पाखडत होते. आबा खांबाला टेकून टोपलीसाठी बांबूच्या पट्ट्या काढत होते. मंदा अंगणात दगडांशी बसली होती. ऊन होतं आणि त्या उन्हातच बारीक सर आली. आबांनी मान वर न करता तिला सांगितलं, की आत ये, भिजशील.

मंदा उठली. ओटीच्या पायरीपर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"मामा पण आत बसला होता," ती म्हणाली.

आवाज अगदी नेहमीचा होता. जणू सकाळपासून बोलतच होती. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी आबांकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच मला सांगितलं, की तू बोलू नकोस.

"कुठं बसला होता, बाय?" त्यांनी विचारलं.

"कपारीत. मी पण. मला भूक लागली, मग मामानं लाह्या सोडल्या. तिथं भिजायला होत नव्हतं."

"मग?"

"मग पाऊस वाढला. मामा बाहेर बघून आला. म्हणाला, चल, इथं बसायचं नाही. तुझ्या आबांनी सांगितलंय, पाऊस वाढला तर घळीत शिरू नका."

आबांच्या हातातला कोयता थांबला.

"अगं, पण घळीत कुठं होतात तुम्ही?" ते म्हणाले. "कपारीत होतात ना?"

"मी पण तेच म्हणाले. मी म्हणाले, मामा, ही घळ नाही, घळ पुढं आहे, पाण्याची. तर मामा म्हणाला, येडी, पुढं नाळ आहे. घळ हीच." ती जरा थांबली. "तो म्हणाला, वरचा दगड फुटला असेल, म्हणून आबांनी सांगितलं असेल. थोरले उगाच सांगत नाहीत. मग त्यानं मला खांद्यावर घेतलं. पाण्याच्या वाटेत पाणी थोडंच होतं. आम्ही मध्ये गेलो. मग वरून आवाज आला."

पुढचं ती बोलली नाही. मामानं आपल्याला पलीकडे फेकलं, हे तिनं फार पुढे, मोठी झाल्यावर सांगितलं. त्या वेळी ती फक्त पायरीवर बसली आणि पावसाकडे बघू लागली.

आबांनी मला हाक मारली. नऊ वर्षांत त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती, मंदाची आई म्हणायचे.

"यमुना," ते म्हणाले, "तुमच्याकडं घळ कशाला म्हणतात?"

मला सांगावंसं वाटत नव्हतं. पण ते माझ्याकडे बघत होते.

"कपारीला," मी म्हणाले. "दगडातल्या आडोशाला."

"आणि घळीला?"

"नाळ."

त्यांनी कोयता खाली ठेवला. पट्ट्या गोळा केल्या, एकावर एक नीट लावल्या, आणि मग त्यांना पुढं काय करायचं ते सुचेना, तेव्हा ते तसेच बसले.

मला तेव्हा माझ्या लग्नानंतरचा एक दिवस आठवला. नवी नवी होते. सासूबाईंनी मला सांगितलं, की घळीतून हंडाभर पाणी आण. मी हंडा घेऊन डोंगरातली कपार शोधत फिरले आणि रिकामी परत आले. मी म्हणाले, तिथं तर पाणी नाही, राख आहे. मग उलगडा झाला. पाणी डोंगर कापत कापत येतं, ती खोल चर म्हणजे यांची घळ. आमची घळ म्हणजे डोंगराच्या पोटातली बसायची जागा. घरातले सगळे हसले होते. सगळ्यांत जास्त आबा हसले होते, खोकला लागेपर्यंत. पुढे महिनाभर त्यांनी पाहुण्यांना ती गंमत सांगितली. मग ती जुनी झाली, माझी जीभही इकडच्या शब्दांना सरावली, आणि मी कधी काळी वेगळं म्हणत होते हे त्या घरात कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्याही नाही.

तेच आबांनाही आठवलं होतं. मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

संध्याकाळी ते म्हणाले, मला वर जायचंय. सासूबाईंनी विरोध केला. म्हणाल्या, त्या बाईनं तुम्हाला खोटारडं ठरवलंय, तिच्या दारात कशाला जाता? झालं ते पुन्हा सांगून पोरगा परत येणार आहे का? आबा म्हणाले, मी गावभर त्याला बदनाम केलंय. निदान तिला तरी कळू दे, की त्यानं ऐकलं होतं.

दसरा झाल्यावर आकाश मोकळं झालं, तेव्हा आम्ही दोघं गेलो. मंदाला सासूबाईंपाशी ठेवलं. आबांना चढ झेपत नव्हता. दर थोड्या वेळानं बसायचे. कपारीसमोरून जाताना त्यांनी आत बघितलं नाही. पुढची घळ कोरडी पडली होती. गुळगुळीत गोटे आणि मधोमध बोटभर पाण्याची धार. कुणालाही वाटेल, इथं काय होणार आहे. ती ओलांडताना आबांनी माझा हात धरला आणि पलीकडे गेल्यावरही बराच वेळ सोडला नाही.

बया अंगणात नाचणी वाळत घालत होती. आम्हाला बघून ती उभी राहिली. ये म्हणाली नाही. मी पाया पडायला गेले तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर आबांवर. दोन-अडीच महिन्यांत ती एवढीशी झाली होती. झोक्याचा तो नवा दोर अंगणातल्या आंब्यावर तसाच गुंडाळून ठेवलेला होता.

आबा अंगणात खाली बसले. पाणी घेतलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. बांधावर आपण काय म्हणालो, ते कुठल्या जागेबद्दल म्हणालो, सोपाननं ती कुठली जागा समजली, मंदा काय म्हणाली. मध्ये एकदा त्यांचा आवाज गेला. मी पुढचं सांगू लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ते स्वतःच सांगणार होते.

बयानं सगळं ऐकून घेतलं. नाचणीवर एक चिमणी उतरली होती, ती तिनं हुसकली नाही.

"म्हणजे त्यानं ऐकलं," ती म्हणाली.

"ऐकलं. तंतोतंत ऐकलं," आबा म्हणाले. "ऐकलं नसतं, तर आज असता."

ती पायरीवर बसली. मला वाटलं, आता रडेल. सोपानला नेलं त्या दिवशीही ती रडली नव्हती. मला वाटलं, आता मन मोकळं होईल, आबांना दोन शब्द बोलेल, माझं माहेर मला परत मिळेल. मी त्याच आशेवर डोंगर चढून आले होते.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही खोटं बोलला, एवढं धरून मी बसले होते. सकाळी उठायचं, भाकरी करायची, तुम्हाला शिव्या द्यायच्या. त्याच्यावर दिवस निघत होता. आता तुमचीबी चूक न्हाई म्हणता. पोराची न्हाई, पोरीची न्हाई." तिनं दोन्ही हात उघडून मांडीवर ठेवले. "मग माझा सोपान कशापायी गेला? एका शब्दापायी? हे सांगायला कशाला आलात? हे न सांगता जगू द्यायचं होतं मला."

आबा हात टेकून उठले. 

आम्ही लगेच निघालो. रीत म्हणून की काय, बया आम्हाला पोचवायला गावाच्या टोकापर्यंत आली. खालून ढग वर चढत होते. परतीचा पाऊस अजून पुरता गेला नव्हता. जाणाऱ्या माणसाला आमच्याकडे काहीतरी सांगतात. जपून जा म्हणतात, अमक्या वाटेनं जा म्हणतात. आबा तिच्यासमोर हात जोडून उभे होते. तिनं ढगांकडे बघितलं, वाटेकडे बघितलं, तोंड उघडलं. मग मिटलं. आणि काही न सांगता ती वळून घराकडे गेली.

पुढची पंचमी तिनं पाहिली नाही. आजार असा काही नव्हता. जेवायची थांबली, असं शेजारच्या बायका सांगत होत्या. निरोप आला तेव्हा मी एसटीनं गेले. त्या डोंगरवाटेनं मी पुन्हा कधी गेले नाही.

आबा आणखी चार वर्षं जगले. ते कुणाला काही सांगेनासे झाले. पेरणी कधी करायची, गाय कधी विणार, पाऊस कुठून येतोय, हे विचारायला लोक पूर्वी त्यांच्याकडे यायचे. आता कुणी वाट जरी विचारली तरी ते उठून आत जायचे. नातीलाही त्यांनी कधी म्हटलं नाही, की इकडं जाऊ नकोस, तिकडं पडशील. ती झाडावर चढायची आणि ते खालून नुसते बघत राहायचे.

मंदा शिकली, पुण्याला नोकरीला लागली. तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी तिच्या केसांना तेल लावत होते. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती.

"आई," ती म्हणाली, "ही घळ नाही, असं मी मामाला एकदाच म्हटलं. तो हसला, म्हणून मी पुन्हा म्हटलं नाही. पुन्हा म्हणायला पाहिजे होतं का गं?"

मी म्हणाले, नाही. तू लहान होतीस. त्यानं ऐकलं नसतं.

तिनं हं म्हटलं. मी तेल जिरवत राहिले. थोड्या वेळानं तिचे खांदे हलायला लागले, तेव्हा मला कळलं, की हा प्रश्न ती मला आज पहिल्यांदा विचारत असली, तरी स्वतःला रोज विचारत आली आहे, आणि माझ्या नाहीनं त्यात काहीही फरक पडलेला नाही.